म्हणणारा कोण?

ओवी सातवीत आहे आणि सध्या व्याकरणात कर्ता शोधते आहे. पद्धत आमच्या वेळचीच. क्रियापदातला धातू घ्यायचा, त्याला ‘णारा’ लावायचं आणि ‘कोण’ विचारायचं. रामा आंबा खातो. खाणारा कोण? रामा. पन्नास वर्षं झाली, रामाचा आंबा अजून संपलेला नाही.

त्या रविवारी ती खेळून आली, आधी जेवली आणि मग टॉवेल घेऊन बाथरूमकडे निघाली. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, “जेवल्यावर लगेच आंघोळ करू नये म्हणतात.”

ती थांबली. “म्हणणारा कोण?”

“म्हणजे?”

“आबा, ‘म्हणतात’ हे क्रियापद आहे ना? मग म्हणणारा कोण?”

“अगं, लोक म्हणतात.”

“तुझ्या वाक्यात लोक नाहीयेत.”

मी वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं. खरंच नव्हते. मास्तर असते तर त्यांनी ‘कर्ता अध्याहृत’ म्हणून वेळ मारून नेली असती. ओवी आंघोळीला निघून गेली. तिला काहीही झालं नाही. मला मात्र झालं.

‘म्हणतात’ इतकं बेवारस क्रियापद मराठीत दुसरं नसेल. ते कुणाच्याही घरात शिरतं, जेवतं, राहतं आणि त्याच्याकडे रेशनकार्ड कुणी मागत नाही. रात्री नखं कापू नयेत म्हणतात. तिघांनी कामाला जाऊ नये म्हणतात. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये म्हणतात, म्हणजे काय म्हणू नये हेसुद्धा तेच म्हणतात.

हे मला टोचायचं कारण माझा पेशा. मी ३३ वर्षं सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो. विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, सगळ्यांची दप्तरं मी चाळली. “व्हाउचर कुठंय?” हे वाक्य मी ‘नमस्कार’ म्हणावं तसं म्हणत असे. एखाद्या सेक्रेटरीनं ‘चहापान ३४० रुपये’ लिहिलं की मी पेन तिथेच थांबवायचो. “साहेब, टपरीवाला पावती देत नाही.” मग आक्षेप. त्यातला एक कप मीच प्यालेलो असे, तरी आक्षेप. आणि त्याच माणसाच्या डोक्यात ६५ वर्षांचा माल विनापावती पडून होता.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: अनुक्रमांक, समजूत, म्हणणारा कोण, साल, व्हाउचर, शेरा. बायकोनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “झाडाझडतीच घ्यायची तर आधी माळ्याची घ्या. निदान काहीतरी सापडेल.”

एक तांत्रिक अडचण होती. ज्या संस्थेत आपला हितसंबंध आहे तिचं ऑडिट आपण करायचं नसतं, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि ही संस्था तर अशी की तिचा चेअरमन मी, सेक्रेटरी मी, खजिनदार मी आणि एकमेव सभासदही मी. सर्वसाधारण सभेला गणपूर्ती कधी चुकत नाही आणि आजवरचे सगळे ठराव एकमतानं मंजूर. अशा संस्थेत मी गेलो असतो तर पहिल्याच दिवशी कपाटाला सील ठोकलं असतं. पण इथे बाहेरचा माणूस बोलावता येत नाही. बाहेरचा माणूस म्हणजे बायको, आणि तिचे आक्षेप मी ४० वर्षं दप्तरदाखल करत आलोय.

नोंद क्रमांक १ साठी मी मुद्दाम पक्की समजूत निवडली. सुरुवात चांगली व्हावी म्हणून. ‘जिभेच्या टोकाला गोड कळतं, कडांना खारट आणि आंबट, मागच्या बाजूला कडू.’ म्हणणारा कोण? शाळेचं शास्त्राचं पुस्तक. व्हाउचर? आकृतीसह. ती आकृती मी इतक्या वेळा काढली होती की आजही डोळे मिटून काढीन. त्या आकृतीनं मला पैकीच्या पैकी गुण दिले होते. हिरव्या पेनानं टिक करणार, तेवढ्यात ओवी म्हणाली, “चाखून बघितलंस?”

आता काय सांगावं. जीभ जन्मापासून तोंडात आहे. तिच्यावर हजारो जेवणं झाली. प्रयोगशाळा चोवीस तास उघडी, भाडं नाही, साहित्य घरचंच. एकदाही चाखून बघितलं नव्हतं.

मी रोज सकाळी कारल्याचा रस घेतो. (साखरेला बरा असतो म्हणतात. तो घोट पुढच्या पानावर घेतला आहे.) ओवीनं कान साफ करायची कापसाची काडी त्या रसात बुडवली आणि माझ्या जिभेच्या अगदी टोकाला, म्हणजे थेट गोडाच्या हद्दीत, टेकवली. मी निर्धास्त होतो. कडूचं खातं मागे आहे, इथे ती फाइल उघडणारच नाही. पुढच्या क्षणी माझा चेहरा असा झाला की ओवीनं फोटो काढला. मग तोंड धुऊन साखरेच्या पाण्याची काडी मागे नेली. तिथे आधी ठसका आणि मग स्वच्छ गोड. मीठ, लिंबू, सगळं सगळीकडे कळत होतं. जिभेवर तालुके नव्हतेच.

ओवीनं मग वंशावळ शोधून दिली. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकानं जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदनक्षमता मोजली. फरक निघाला, पण अगदी थोडा. १९४२ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी आपल्या पुस्तकात त्या आकड्यांचा आलेख असा काढला की बघणाऱ्याला वाटावं, या भागाला ती चव कळतच नाही. बस, नकाशा तयार. आमच्याकडे बोरिंग मारलं की निदान पाणी तरी लागतं. या बोरिंगमधून निघालेली आकृती जगभरच्या वह्यांत उतरली आणि माझ्यासारख्या असंख्य मुलांनी ती जीभ बाहेर काढून, मन लावून, जीभ न वापरता काढली.

शेरा: समजूत रद्द. पैकीच्या पैकी गुण मात्र परत केलेले नाहीत.

नोंद क्रमांक २ टाळता आली असती तर टाळली असती. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. त्या दिवशी गणपती दूध प्यायला.

तेव्हा मी साताऱ्यात होतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या व्याख्यानांना मी पुढच्या रांगेत बसत असे, दाभोलकरांना दोनदा प्रश्नही विचारला होता. घरात आगरकरांचा फोटो. ज्यांची सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ते आगरकर, असं मी आल्यागेल्याला सांगत असे. आणि त्या दिवशी सकाळी दिल्लीहून निघालेली बातमी दुपारच्या आत एसटीडीच्या तारांवरून आमच्या पेठेत पोचली तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून रांगेत उभा होतो. कशासाठी? तपासायला. विवेकवादी माणसानं स्वतः जाऊन तपासायला नको? हे मी बायकोला त्याच दिवशी बजावलं होतं. ती म्हणाली होती, “तपासायला जाताना दुधाची वाटी कशाला नेली होती?”

रांगेत ओळखीचे बरेच होते. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की आपण सहज आलोय. माझा नंबर आला. मी चमचा सोंडेला टेकवला. दूध हललं. मग माझ्या डोळ्यांदेखत चमचा रिकामा झाला. अंगावर काटा आला, हे खोटं कशाला बोलू?

आता माझ्यातला लेखापरीक्षक त्या वेळी कुठे होता ते पाहा. दूध संस्थांचं ऑडिट करताना माझं पहिलं काम आवक किती, जावक किती आणि शिल्लक किती ते जुळवायचं. शंभर लिटर आत आलं आणि बाहेर दिसत नाही, तर बाकीचं कुठे गेलं? देवळात सकाळपासून बादल्यांनी दूध आलं होतं. आणि मी त्या शिल्लकेतच उभा होतो, अनवाणी, तळव्यांना चिकचिक होत होती. गाभाऱ्याच्या मोरीतून पांढरा ओघळ थेट रस्त्याच्या गटारापर्यंत गेला होता, तो मी चुकवून चपला घातल्या. घरी येऊन घासूनघासून पाय धुतले. पाय धुतानासुद्धा मला प्रश्न पडला नाही.

लगेचच शास्त्रज्ञांचं उत्तर आलं. पृष्ठताण. ओल्या दगडाला चमचा टेकला की काठोकाठ भरलेलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थरानं खाली उतरतं, नजरेला दिसत नाही. दिल्लीत त्यांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, रंगाचा ओघळ मूर्तीवर स्पष्ट दिसला. मी कचेरीत पेपर उघडून सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणालो, “मी तिथेच ओळखलं होतं.”

वहीत लिहायला बसलो तेव्हा पेन इथे अडकलं. कारण ‘मी तिथेच ओळखलं होतं’ हे मी इतकी वर्षं इतक्या लोकांना सांगितलंय की मलाही ते खरंच वाटत होतं. दूध प्याल्याची समजूत एक दिवस टिकली. ही दुसरी तीस वर्षं टिकली. मागाहून घातलेल्या अशा नोंदीला आमच्या खात्यात एक शब्द आहे आणि त्यासाठी मी दोन सेक्रेटऱ्यांवर कारवाईची शिफारस केलेली आहे.

पुढची पानं भराभर भरली. ‘हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ.’ २०१२ साली एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा क्रीडा मंत्रालयानं कळवलं की कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. पुन्हा शाळकरी मुलगीच. या वयाच्या मुलींना माझा एकूणच सावध नमस्कार आहे.

‘दोन हजाराच्या नोटेत चिप आहे.’ साल २०१६, नोव्हेंबर. ही मी स्वतः वाटली. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, मॉर्निंग वॉकचा ग्रुप. नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते, असं सांगत होतो. बायको तेव्हाच म्हणाली होती, “आपल्या बाथरूममध्ये मोबाइलला रेंज येत नाही आणि नोटेला पाताळातून येते?” मी तिला म्हणालो होतो, तुला टेक्नॉलॉजीतलं कळत नाही. २०२३ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेनं ती नोट चलनातून काढायचं जाहीर केलं. माझ्याकडच्या शेवटच्या दोन नोटा बँकेत भरताना मी एक नोट उजेडासमोर धरून बघितली. काही दिसलं नाही. कॅशियर म्हणाला, “साहेब, नकली वाटतेय का?”

अमावस्येचंही तसंच. १९८८ साली, कित्येक वर्षं नंबर लावून ठेवल्यावर, माझी बजाज चेतक आल्याचा निरोप आला. निरोप आला त्या दिवशी अमावस्या. मी म्हणालो, उद्या नेतो. शोरूमवाला चिडला, कारण मागे पोरगी उजवायची असावी तशी रांग होती. त्याच दिवशी आमच्या शेजारचे तामिळ गृहस्थ स्वतःची स्कूटर वाजतगाजत घेऊन आले, हार घालून, लिंबू चिरडून. त्यांच्याकडे अमावस्या चांगली मानतात. एकच चंद्र, एकच जिना. आणि मला तेव्हा हेही सुचलं नाही की आम्ही वर्षाकाठी एकदा लक्ष्मीला पाट मांडून, दिवे लावून, फटाके उडवून ज्या तिथीला घरात बोलावतो ती आश्विन अमावस्याच असते.

वही चाळीस पानांपर्यंत आली तेव्हा मी जरा खुशीत होतो. समजुती धडाधड रद्द होत होत्या आणि काहीच दुखत नव्हतं. हॉकी गेली, कुणी रडलं नाही. मग एक शंका आली, जी ऑडिटरला नेहमी येते. दप्तर फार गुण्यागोविंदानं मिळत असलं तर समजावं, खरी वही दुसऱ्या कपाटात आहे.

त्याच सुमारास वाचनालयात एका पुस्तकात विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाचा परिचय वाचला. हा तेहतिसाव्या वर्षीच गेला, पण त्याआधी १८७७ साली त्यानं विश्वास ठेवण्यातल्या नीतीवर एक निबंध लिहून ठेवला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, लोक परदेशी निघालेले. मालकाला शंका येते, पण तो मनाची समजूत घालतो: इतक्या वेळा गेलं आणि आलं, आताही जाईल. जहाज बुडतं, माणसं जातात, हा विम्याचे पैसे घेतो. इथवर कुणीही सांगेल. क्लिफर्ड पुढे म्हणतो की जहाज बुडालं नसतं तरी हा तितकाच दोषी. कारण प्रश्न जहाज बुडण्याचा नाही, विश्वास ठेवायला त्याच्याकडे आधार होता का, याचा आहे.

मी वाचनालयातच टेबलावर थाप मारली. हेच तर! विनातारण दिलेलं कर्ज वेळेवर फिटलं तरी आक्षेप उभाच राहतो. चेअरमन म्हणतो, “साहेब, पैसे तर आले ना?” आले असतील, पण तू दिलेस कशाच्या जोरावर? हा माणूस सहकार खात्यात असता तर निम्म्या पतसंस्था वाचल्या असत्या.

घरी येऊन मी एक्केचाळिसावं पान उघडलं. मथळा मी पहिल्याच दिवशी घालून ठेवला होता, ‘माणसांविषयी’, आणि रोज ते पान उलटून पुढे जात होतो. पहिल्या चारपाच नोंदी अमुक गावचे लोक असे आणि तमुक आडनावाचे तसे, या धर्तीच्या. त्या लिहिल्या, वाचल्या आणि ओवीच्या हाती लागू नयेत म्हणून गिरवून काळ्या केल्या. मग लिहिलं: ‘बाबांचं घड्याळ सुधीरनं नेलं.’

सुधीर माझा धाकटा भाऊ, नाशिकला असतो. बाबांचं घड्याळ एचएमटीचं ‘जनता’, रोज सकाळी चावी द्यायचं. ते सकाळी सात वाजता रेडिओच्या टोल्याबरोबर बारीक करकर करत अकरा वेळा चावी फिरवायचे, बारावी कधीच नाही, बारावीला स्प्रिंग तुटते म्हणून. २००३ साली ते गेले. तेराव्यानंतर कपाट आवरलं तेव्हा घड्याळ नव्हतं.

साल, लिहिलं. व्हाउचर, रिकामं. म्हणणारा कोण? मी बायकोला हाक मारली. “अगं, घड्याळ सुधीरनं नेलं हे आपल्याला कुणी सांगितलं होतं?”

ती भाजी निवडत होती. “तुम्हीच.”

“मला कुणी सांगितलं?”

“ते मला काय माहीत? रात्री झोपताना म्हणालात. मी विचारलं, नेताना बघितलंत का? तर म्हणालात, बघायला कशाला पाहिजे, दिसतंय ना.”

मी बावीस वर्षांचा हिशेब मांडला. दिवाळीला सुधीर आला की मी आधी त्याच्या मनगटाकडे बघायचो. मनगटावर दुसरं घड्याळ असलं तर वाटायचं, बघा, ते लपवतोय. मनगट रिकामं असलं तर, बघा, घरी ठेवून आलाय. एचएमटी घालून आला असता तर प्रश्नच नव्हता. म्हणजे त्या माणसाला निर्दोष सुटायचं तर हात काढून ठेवून यावं लागलं असतं. त्याच्या मुलीच्या लग्नात मी आहेर म्हणून भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं होतं. तो टोमणा होता. त्याला कळला नाही, याचंही मला वाईट वाटलं होतं.

दोन दिवस पेन उचललं नाही. तिसऱ्या दिवशी फोन केला. पाऊसपाणी झालं, गुडघे झाले, गॅसचे भाव झाले. मग म्हणालो, “सुधीर, बाबांचं ते घड्याळ तुझ्याकडे आहे ना?”

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कटला.

“माझ्याकडे? दादा, ते तुझ्याकडे आहे ना?”

“माझ्याकडे कुठलं?”

“मी तर तेव्हापासून धरून चाललोय की तू ठेवलंस. थोरला म्हणून. मी काही बोललो नाही, म्हटलं जाऊ दे.” तो थांबला. “आणि माझ्या पोरीच्या लग्नात तू घड्याळ आणलंस, तेव्हा ही मला म्हणाली, बघा, बाबांचं स्वतःकडे ठेवून दादांनी आपल्याला भिंतीवरचं दिलं.”

आम्ही दोघं हसलो. खूप वर्षांनी एकमेकांबरोबर असे हसलो असू. हसता हसता त्याला खोकला आला, मला डोळे पुसावे लागले. बावीस वर्षं दोघांनी एकाच घड्याळाची चोरी एकमेकांच्या खात्यावर लिहून ठेवली होती आणि दोघंही मोठ्या मनानं गप्प बसलो होतो.

“मग गेलं कुठे रे ते?” मी विचारलं.

“तेच तर.” तो जरा थांबला. आवाज खाली आला. “दादा, तेराव्याला मिरजेची ताई दोन दिवस जास्त राहिली होती, आठवतंय?”

मला आठवलं. कपाट आवरायला तीच पुढे होती. पिशवीही मोठी होती तिची.

“हो रे,” मी म्हणालो. “आणि भाऊजींना जुन्या घड्याळांची आवड.”

“असणारच तिच्याकडे.”

“असणारच.”

फोन ठेवला आणि वही ओढली. सुधीरच्या नोंदीवर काट मारली, सही केली, तारीख टाकली. खाली नवी नोंद घातली: घड्याळ ताईकडे आहे. ‘म्हणणारा कोण’ या रकान्यापाशी आलो. या खेपेला कर्ता स्पष्ट होता. मी ठळक अक्षरात लिहिलं, सुधीर, आणि हिरव्या पेनानं टिक केली.